तीन खात्यांनी पाहिलेला उंट

माझ्या वयाची माणसं हिंगोलीत आता थोडीच उरली आहेत. ती मला अजून 'मुनशीजी' म्हणतात. त्यांची नातवंडं मात्र डोळे मोठे करून विचारतात, "आजोबा, तुमी संस्थानाच्या राज्यात गुप्तहेर होता म्हणे?"

छे हो! कसला गुप्तहेर अन् कसलं काय! मी कधी कुणाच्या मागावर गेलो नाही, वेश बदलला नाही, भिंतीला कान लावला नाही. समोरून येणारा माणूस मला चष्म्याशिवाय ओळखू येत नव्हता, तिथं हेरगिरी काय करणार? माझं काम वाटपाचं होतं. खबर दुसऱ्यांनी आणायची, कारवाई तिसऱ्यांनी करायची, आणि ती खबर कुणाकुणाला, किती अन् कशी पोचवायची ते मी बघायचं. पंगतीत वाढपी असतो ना, तसा. स्वयंपाक त्यानं केलेला नसतो आणि जेवायचंही त्याला नसतं. पण कुणाच्या पानात भलतंच काही पडलं तर पहिला बोल त्यालाच लागतो.

आमचं घर हट्टा गावचं, शेतीचं. सरकारची भाषा उर्दू, म्हणून वडिलांनी मला उर्दू शाळेत घातलं. त्यामुळं पाटलाची मोडी मला वाचता येई आणि साहेबाची उर्दू लिहिता येई. एवढ्या भांडवलावर मी हिंगोलीच्या तहसील कचेरीत चिकटलो, आणि पोलीस ॲक्शन होऊन राज्य बदललं तोवर त्याच उतरत्या मेजाशी मांडी घालून बसलो. बदल्या, बढत्या, पगार यांचा पाढा इथं वाचत नाही. त्यात तुम्हाला काय रस? मला एका उंटाची गोष्ट सांगायची आहे. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादक मागं लागले, तेव्हा मी व्हय म्हणालो ते त्या उंटासाठीच.

पण आधी काम समजून घ्या, नाहीतर उंट कळायचा नाही.

हिंगोलीच्या उत्तरेला पैनगंगा, आणि तिच्यापलीकडं वऱ्हाड. तो तेव्हा इंग्रजांचा मुलूख. म्हणजे आमचा तालुका सरहद्दीचा. येणारा-जाणारा प्रत्येक परका माणूस सरकारच्या डोळ्यात सले. खेड्यापाड्यांतून पोलीस पाटलाची, नाहीतर खबऱ्याची चिठ्ठी यायची: अमक्या गावात अमका उतरला, तमक्या मळ्यात चारजण बसून बोलत होते. चिठ्ठी मोडीत. मी ती उर्दूत उतरवायची, खबऱ्याचं नाव गाळायचं आणि ज्या खात्याचं जे असेल ते त्याला धाडायचं. नाक्यावर जकात घेणारं खातं म्हणजे करोडगिरी. दारू-शिंदीवर नजर ठेवणारं आबकारी. रान राखणारं खातं, त्याचं नावच 'जंगलात'. आणि पोलीस ठाण्याचे मुख्य ते अमीन साहेब. या वाटणीला आमच्या कचेरीत 'तकसीम' म्हणत, आणि तकसीम म्हटलं की मी.

नियम दोन होते. एक, ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. जंगलातवाल्याला शिंदीचं अन् आबकारीवाल्याला सागवानाचं सांगायचं नाही. दुसरा, नक्कल झाली की असल चिठ्ठी त्याच दिवशी शेगडीत टाकायची. खबऱ्याचं अक्षर कुणाच्या हाती पडलं तर त्याचं गावात राहणं मुश्कील. हा दुसरा नियम मी कधी मोडला नाही. माझ्या शेगडीत किती जणांच्या उखाळ्यापाखाळ्या जळाल्या असतील, देव जाणे.

लोकांना वाटतं, सरकारी खाती म्हणजे एका हाताची बोटं. अहो, सख्खे चुलतभाऊ बांधावरून भांडत नाहीत तसे हे भांडत! जंगलातचे एक साहेब होते. त्यांना धाडलेले लिफाफे ते फोडतच नसत. नीट लाखेसकट एका पेटीत रचून ठेवत. मी एकदा भीत भीत विचारलं तर म्हणाले, "मुनशीजी, खोलेंगे तो जवाब देना पड़ेगा." बदली झाली तेव्हा ती पेटी त्यांनी नव्या साहेबाला रीतसर सोपवली, आणि नव्या साहेबांनी सगळे लिफाफे एका दिवसात फोडून मला आठवडाभर दमवलं.

त्याहून तऱ्हा होती ती करोडगिरीच्या आणि आबकारीच्या इन्स्पेक्टरांची. लिफाफा पोचला की पोचवहीत सही करावी लागे. चपराशी करीमभाई वही घेऊन दारोदार हिंडायचे. वहीत नावं एकाखाली एक. आता खाली कुणाचं नाव लिहायचं? करोडगिरीवाले म्हणाले, आमचं खातं जुनं. आबकारीवाले म्हणाले, आमचा दर्जा वरचा. वर असेल तो सही करी, खाली असेल तो लिफाफाच परत धाडी. करीमभाईंच्या चपला झिजल्या. एकदा तर दोन्ही इन्स्पेक्टर एकाच सकाळी कचेरीच्या व्हरांड्यात आले आणि असे कडाडले, की नीमाखाली बांधलेला तहसीलदार साहेबांचा घोडा बुजला.

मी मेजावरून उठलो. दौतीचं झाकण पोचवहीच्या पानावर ठेवलं, त्याभोवती टाक फिरवून एक गोल काढला, आणि गोलाच्या कडेनं दोघांची नावं लिहिली. म्हणालो, "हुजूर, वही फिरवून घ्या. जो हातात घेईल त्याचंच नाव वर."

दोघांनी वही फिरवून पाहिली. एकदा यानं, एकदा त्यानं. मग दोघांनी सह्या केल्या आणि एकमेकांना सलाम करून गेले. आत तहसीलदार साहेब खो खो हसले. ते उत्तरेकडचे, कोरड्या वाळूच्या मुलखातले. माणूस सावध आणि सज्जन. मला म्हणाले, "मुनशीजी, आपका दिमाग सोने का है." पुढं तो गोल आमच्या कचेरीचा रिवाजच झाला. मला अजून त्याचा अभिमान आहे. कशाला खोटं बोलू?

आता हा अभिमानच कसा नडला ते ऐका.

त्या सकाळी व्हरांड्यात आरडाओरड सुरू झाली तेव्हा मी एक नक्कल लिहीत होतो. मेजावर शेजारी शेजारी दोन चिठ्ठ्या होत्या. एक होती हिंग आणि सुरमा विकत फिरणाऱ्या एका परमुलखी माणसाची. तिच्यात होतं, 'सोबत एक उंट, डाव्या पुढच्या पायानं लंगडा.' निरुपद्रवी खबर, नुसती नोंदायची. दुसरी चिठ्ठी हैबती धनगराची. औंढ्याच्या डोंगराखालचा हा मेंढपाळ. मेंढरं घेऊन पैनगंगेपर्यंत जाई आणि परतताना जवळा बाजारच्या शिवारात, ज्याला खत हवं त्याच्या रानात मेंढरं बसवी. चिठ्ठीत होतं, 'हा धनगर वऱ्हाडातून आला आहे. सोबत घोंगड्याची लांब वळकटी, आत काय ते कळत नाही.' दिवस संस्थानाच्या अखेरीचे. सरहद्दीवर बंदुका येतात-जातात अशी कुणकुण रोज उठत होती. घोंगड्यात लांब काही म्हटलं की साहेबांचे कान टवकारत.

मी गोल काढून, छाती फुगवून मेजाशी परत बसलो. टाक उचलला. 'सोबत'पर्यंत लिहून झालं होतं. नजर चिठ्ठीवर टाकली, 'सोबत' शब्द सापडला, पुढचं उतरवलं: 'एक उंट, डाव्या पुढच्या पायानं लंगडा.' मग वळकटीही लिहिली. म्हणजे हिंगवाल्याचा उंट मी हैबतीच्या हाती बांधला. नजर शेजारच्या कागदावर घसरली होती, एवढंच. त्या एका नकलेवरून दुसऱ्या तीन केल्या, त्यातली एक कचेरीत ठेवायची स्थळप्रत. दोन्ही असल चिठ्ठ्या शेगडीत टाकल्या. हात धुतले आणि घरी जेवायला गेलो. त्या दिवशी पिठलं-भाकर होती, आणि मी बायकोला गोलाची गंमत सांगत पोटभर जेवलो.

तहसीलदार साहेब सावध म्हणालो ना? एका खबऱ्याच्या सांगण्यावर ते कुणाला हात लावत नसत. त्यांची रीत अशी: तीन खात्यांना तीन नकला धाडायच्या, तपास करून कळवा म्हणायचं, आणि तिघांचं जुळलं तरच पोलिसांना सांगायचं. रीत चांगलीच होती. त्यांनी करोडगिरी, जंगलात आणि आबकारीला नकला धाडल्या.

दहा दिवसांत तिन्ही जवाब आले. करोडगिरीनं लिहिलं, हैबती धनगर लंगड्या उंटासह नाक्याजवळ दिसला, उंटावर ओझं होतं. जंगलातनं लिहिलं, सदर उंटानं राखीव रानातला बाभळीचा पाला खाल्ला, सबब दंड व्हावा. आबकारीनं तर कमाल केली: उंटाच्या अंगाला मोहाच्या दारूचा वास येत होता!

मी ते तिन्ही कागद एका रुमालात बांधून साहेबांपुढं ठेवले तेव्हा मला काय वाटलं असेल? भीती? छे! मला आनंद झाला. तीन खाती, जी सहीपुरतीसुद्धा एका पानावर येत नव्हती, ती एका गोष्टीवर एकमत झाली होती. आपली तकसीम काय कामाची चाललीय, असं मनाशी म्हणालो. साहेबांनी अमीनांना हुकूम दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी हैबतीला जवळ्याच्या शिवारातून उचलून हिंगोलीत आणलं. उंट कुठं सापडला नाही. वळकटी सापडली. तिच्यात मेंढरं कोंडायच्या जाळीच्या काठ्या होत्या, निव्वळ काठ्या. अमीन साहेब म्हणाले, बंदुका उंटावरून पुढं गेल्या. अमीन दौऱ्यावर निघायच्या घाईत होते, म्हणून आल्यावर बयान घेऊ म्हणून हैबतीला नुसतं कोठडीत टाकलं.

तिसऱ्या दिवसापासून त्याची बायको कचेरीसमोरच्या नीमाखाली येऊन बसू लागली. कडेवर लेकरू. मेंढरं म्हाताऱ्या सासऱ्याच्या भरवशावर सोडून जमेल तेव्हा चालत, कधी कुणाच्या गाडीतून यायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडायची. मलाही जोडले.

"मुनशीजी, आमचा माणूस कवा सुटंल?"

"तपास चालू आहे, बाई."

"तपास करा की. म्या कुठं न्हाई म्हणते? पर मेंढरं चरंनात. त्येच्या हाळीबिगर ती हालत न्हाईत. म्हाताऱ्याचा आवाज त्यास्नी वळकत न्हाई. दोन कोकरं मेली."

मी मान हलवून आत गेलो. तोवर मला खरंच वाटत होतं की हैबती बंदुका नेतो. तीन खात्यांनी पाहिलं होतं ना!

आणि मग एक दिवस नाक्यावरून एक साधा कागद आला. रोज येतात तसा. हिंग-सुरमा विकणारा फिरस्ता पैनगंगा उतरून वऱ्हाडात गेला, अशी वर्दी. नाक्यावरच्या कारकुनानं मागच्या रजिस्टरावरून तारीख घालून दिली होती. खाली लिहिलं होतं: 'सोबत उंट, डाव्या पुढच्या पायानं लंगडा.'

डाव्या पुढच्या पायानं.

मी कागद पुन्हा वाचला. एका तालुक्यात दोन लंगडे उंट, दोघंही डाव्या पुढच्या पायानं? मी कपाटातून माझ्या नकलेची स्थळप्रत काढली. ते अक्षर माझंच. वाक्य माझंच. आणि तिन्ही खात्यांच्या जवाबांत तेच वाक्य, शब्दाला शब्द. तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. कुणी काही पाहिलंच नव्हतं. साहेबानं कागद वाचून शिपायाला विचारायचं, "धनगराजवळ लंगडा उंट होता ना रे?" आणि शिपायानं म्हणायचं, "जी हुजूर." मी एक खबर तीन ठिकाणी वाटली, आणि ती तीन खबरा होऊन माझ्याकडं परत आली. वर नाक्याची तारीख सांगत होती की तो उंट, हैबतीला 'पाहण्याच्या' चार दिवस आधीच नदीपार गेला होता.

आता शहाण्या माणसानं काय करावं? उठावं, साहेबांकडं जावं, सांगावं. बारा पावलांचं अंतर. मी गेलो नाही.

का गेलो नाही ते सांगतो, झाकून काय करायचं? माझ्या वरची, पेशकाराची जागा रिकामी होत होती आणि ती मला मिळणार हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी मला सोन्याचं डोकं म्हटलं होतं. माझ्या नकलेत कधी कानामात्रेची चूक निघाली नव्हती. आणि आता मी जाऊन सांगू, की माझ्या हातून उंट सुटला? मी स्वतःची समजूत घातली: अमीन दौऱ्यावरून आलेत, हैबतीला विचारतील, तो उंट नाही म्हणेल, उंट सापडणार नाही, प्रकरण आपोआप विरेल. आपण कशाला मधे पडा? असे दोन दिवस मी मूग गिळून बसलो. कामं केली, पान खाल्लं, नीमाकडं बघायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी करीमभाई ठाण्यातून वही घेऊन आले आणि माझ्या मेजाशी टेकले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मुनशीजी, उसने कबूल कर लिया."

"काय कबूल केलं?"

"ऊंट. बोला, मेरा ही है."

मी उठलो. चपला घालायचंही सुचलं नाही. तसाच अनवाणी साहेबांच्या खोलीत गेलो. आत अमीन साहेब बयानाचा कागद घेऊन आधीच बसले होते. मी हात जोडले आणि माझ्या तोंडून एकदम निघालं, "हुजूर, वो ऊंट मेरा है."

तहसीलदार साहेबांनी चष्मा काढला. "आपका? मुनशीजी, आपने ऊंट कब पाला?"

मग मी सगळं सांगितलं. दोन चिठ्ठ्या, व्हरांड्यातलं भांडण, गोल, 'सोबत' हा शब्द, शेगडी. नाक्याची वर्दी पुढं ठेवली. साहेब ऐकत होते. अमीन मात्र हसले.

"मुनशीजी दिल के नरम हैं. चिट्ठी तो जल गई. अब क्या सबूत? और मुलजिम तो खुद कह रहा है कि ऊंट उसका है. पढ़िए हुजूर, बयान पर अंगूठा भी है."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. असल चिठ्ठी मीच जाळली होती, नियमाप्रमाणं. तीन खाती एका बाजूला, आरोपी स्वतः त्यांच्या बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला एकटा मी, तोही आपणच चुकलो म्हणणारा. साहेबांनी बयान उचललं आणि वाचू लागले.

"ऊंट मेरा है. रंग काला. गर्दन पर सफेद दाग. पांव से लंगड़ा. सींग..."

ते थांबले. कागद खिडकीच्या उजेडाकडं नेला. पुन्हा वाचलं.

"सींग बड़े, पीछे को मुड़े हुए."

साहेबांनी कागद हळूच खाली ठेवला.

"अमीन साहब, मैं बचपन में ऊंट पर बैठकर मदरसे जाता था. सींगवाला ऊंट मैंने आज तक नहीं देखा. आपने देखा है?"

अमीन म्हणाले, "बयान मुहर्रिर ने लिखा है, हुजूर." म्हणजे त्यांच्या लेखनिकानं. दोष पुढं सरकवायची कला सगळ्याच खात्यांत असते.

साहेबांनी करोडगिरीच्या इन्स्पेक्टरांनाही बोलावून घेतलं आणि एका हातात त्यांचा जवाब, दुसऱ्या हातात त्यांच्याच नाक्याची वर्दी दिली. म्हणाले, यातलं खरं कुठलं ते सांगा. इन्स्पेक्टरांनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले आणि मग म्हणाले, "रजिस्टर सच है." त्याच दिवशी हैबतीच्या सुटकेचा हुकूम निघाला. तो मी माझ्या हातानं लिहिला, तीनदा वाचला आणि करीमभाईंबरोबर न धाडता स्वतः ठाण्यात नेऊन दिला.

मला साहेबांनी चुकीची लेखी कबुली द्यायला लावली. ती माझ्या नोकरीच्या कागदांत कायमची लागली. पेशकाराची जागा दुसऱ्याला मिळाली. ते बराबरच झालं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या कबुलीबरोबर मी साहेबांकडं एक मागणी केली आणि त्यांनी ती मानली. त्या दिवसापासून प्रत्येक नकलेच्या माथ्यावर मी दोन गोष्टी लिहू लागलो. एक, खबऱ्याचा गुप्त आकडा, म्हणजे तीन कागद तीन तोंडांतून आले की एकाच, ते कळावं. दुसरी, खबर कशी कळली ते: पाहिलं, ऐकलं, की कागदावरून कळलं. हा तिसरा वर्ग माझा. आणि काय सांगू तुम्हाला, पुढच्या महिन्यापासून जे जवाब येऊ लागले, त्यांतले निम्म्याहून जास्त 'कागदावरून कळलं' असे निघाले! खाती चिडली, इन्स्पेक्टर कुरकुरले, पण तहसीलदार साहेबांनी ऐकलं नाही. पुढं राज्य बदललं, उर्दू जाऊन मराठी आली, नवे साहेब आले. त्यांनी जुन्या कचेरीतल्या बऱ्याच गोष्टी बाहेर फेकल्या. माझे तीन वर्ग ठेवले. माणसानं आयुष्यात एखादं बरं काम केलं असं म्हणायला मला तेवढं पुरतं.

उंट मात्र सहज गेला नाही. तिन्ही खात्यांनी आपापल्या वरच्यांना आधीच कळवून टाकलं होतं. 'सदर उंटाच्या तपासाचे काय झाले' अशी स्मरणपत्रं परभणीहून येतच राहिली. मी दर वेळी लिहायचो, असा उंट नाही. तिकडून यायचं, नसल्यास कुठे गेला? पोलीस ॲक्शननंतर दफ्तर ताब्यात घेताना नव्या साहेबांच्या हाती तो रुमाल लागला. "मुनशी, हे उंटाचं काय आहे?" मी म्हणालो, "साहेब, बसा, सांगतो." ते पोट धरून हसले. सगळेच हसतात. मीही ही गोष्ट चारचौघांत सांगतो तेव्हा शिंगांपाशी थांबतो, म्हणजे लोक हसतात आणि पुढचं विचारत नाहीत.

पुढचं आज पहिल्यांदा लिहितोय.

हैबती सुटला तेव्हा ऊन टळटळीत होतं. ठाण्याच्या पायरीवर तो बसला होता. बायकोला निरोप गेला होता, ती यायची होती. त्याचे तळपाय सुजलेले, म्हणून उभं राहता येत नव्हतं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेलो. त्यानं दोन्ही हातांनी तांब्या धरला, कारण एका हातात धरवत नव्हता. पाणी पिऊन झाल्यावर मी म्हणालो, "हैबती, तो उंट माझ्या हातून लिहिला गेला. कागद लिहिताना चूक झाली. मला माफ कर."

मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"मुनशीजी, येक इचारू का?"

"विचार ना."

"उंटाला शिंगं असत्यात का न्हाई?"

"नसतात रे."

"न्हाईत व्हय?" त्यानं तांब्या खाली ठेवला. "मी कवा बघितलाच न्हाई. अमीनसाब परवा आले. परवा म्हणलो, माझ्यापाशी उंट न्हाई, तर मारलं. काल म्हणलो, हाय बाबा, माझाच हाय. तर म्हणले, कसा हाय सांग. आता कसा हाय ते मला काय ठावं? सांगता येईना म्हणून लई मारलं. मग आमचा थोरला मेंढा हाय ना, त्यो डोळ्यापुढं आणला. त्याचा रंग सांगितला, गळ्याचा डाग सांगितला. त्याची शिंगं सांगितली, तवा कुठं थांबले."

परवा आणि काल. ते दोन्ही दिवस मी मेजाशी बसून होतो, आणि नाक्याची वर्दी माझ्या खणात होती.